खळ

सासऱ्यांचं पोट उघडून शिवल्यावर
डॉक्टर ढोमणे म्हणाले, तिखट बंद.
टांडापेठेतल्या सावजी भोजनालयात
एकेचाळीस वर्षं रस्सा ढवळलेला माणूस
हे ऐकून पंख्याकडे बघत राहिला,
जणू डॉक्टर पंख्यालाच सांगत होते.

मग दीड महिना मुगाचं वरण, दुधी, पुन्हा दुधी.
ताट सरकवून म्हणायचे,
"हे बिमार माणसाचं जेवण आहे."
"तुम्ही बिमारच आहात, बाबा."
"तेच त सांगून राह्यलो."

सॉसची कल्पना माझ्या प्रणोतीची.
कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवर
भज्यांवर ओततात ना, लाल, चकचकीत,
आजोबांना तो दे, त्यात मिरची नसते.
डॉक्टरांना फोन केला. थोडं आंबट चालेल, म्हणाले,
पण गाडीवरचं आणाल तर माझ्याकडे येऊ नका.

म्हणून मे महिन्याच्या दुपारी,
कूलरमध्ये तिसरी बादली ओतून,
मी गॅसपाशी उभी.
चार चमचे व्हिनेगर, साखर चार,
टोमॅटो केचप अंदाजाने,
सोया सॉस काळा, एवढासा,
अननसाच्या डब्यातलं पाणी.
शेजारच्या सोरतेकाकू म्हणाल्या, संत्र्याचा रस घाल,
नागपूरचं नाव राहील.
काकू, मे महिन्यात कुठली संत्री?
नाव तेवढं बारा महिने असतं.

पहिली खेप खोकल्याच्या औषधासारखी झाली.
दुसरीत आलं किसून घातलं, चिमूटभर मीठ,
वास बरोब्बर गाडीवरचा आला.
पण पातळ. चमच्यावरून पळून जात होता.
मी कॉर्नफ्लॉवरचा डबा उघडला
आणि उकळत्या सॉसमध्ये कोरडंच पीठ टाकलं.
गोळे झाले.
पांढरे, आतून कोरडे, बुडायला तयार नाहीत.

"काय करून राह्यली तू?"
प्लास्टिकच्या खुर्चीतून उठले,
एक हात पोटावरच्या टाक्यांशी.
"खळ अशी करतात का?"

खळ?

"माय करे. मांगावर सूत चढायच्या आधी
गल्लीभर ताणा पसरलेला राहे,
त्याले कुंचीनं खळ लावा लागे.
गोळा राह्यला की सूत चिकटे,
सूत तुटलं की माय मले हाणे."

या घरात मला एकोणीस वर्षं झाली.
मिरची कशी भाजायची, दगडफूल किती,
सगळं शिकवलं त्यांनी, ओरडून ओरडून.
मांगाचं नाव कधी काढलं नव्हतं.
माळ्यावर एक धोटा आहे, घासून गुळगुळीत,
मी तो खेळणं समजून प्रणोतीला दिला होता.

सॉस गाळून घेतला त्यांनी.
थंड्या पाण्यात पीठ कालवलं, बोटांनी,
दुधासारखं होईपर्यंत.
"गॅस बारीक कर. आता तू ढवळ, मी सोडतो.
थांबू नको. फोन वाजला तरी थांबू नको."
फोन वाजला. मी थांबले नाही.

आधी सगळं गढूळ झालं, मला वाटलं गेलं.
मग कडेने एक बुडबुडा आला, जड,
आणि गढूळपणा आतूनच फिटत गेला,
तळाचा चमचा लाल काचेतून दिसावा तसा दिसला.

त्यांनी थेंब बोटावर घेतला,
अंगठा टेकवला, हळूच सोडला.
मधे एक बारीक तार उभी राहिली.
"आता तुटत नाही," म्हणाले.
कोणाला म्हणाले, माहीत नाही.

भात वाढला, वरून सॉस, अननसाचे दोन तुकडे.
प्रणोती समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.
पहिला घास बराच वेळ चावला त्यांनी.
"गोड आहे," म्हणाले. "आंबट आहे.
तिसरं कोणी आलंच नाही."

आणि वाटी पुढे केली.